जुन्या गाडीच्या हेडलाइटचा कपलर तापतो, वितळतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक हेडलाइट मंद वाटू लागतो. बॉनेट उघडलं की जळक्या प्लास्टिकचा वास येतो आणि बल्बच्या मागचा कपलर, म्हणजे वायरी बल्बला जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट, तपकिरी पडलेला दिसतो. मग नवा कपलर बसवला जातो आणि काही महिन्यांनी तोही जळतो. माझ्या गाडीत हे दोनदा झालं. तिसरा कपलर विकत घेण्याआधी मी मल्टिमीटर हातात घेतला, आणि दुखणं कपलरपुरतं नव्हतंच हे तेव्हा कळलं. खालची उत्तरं १२ व्होल्टच्या, हॅलोजन बल्बच्या जुन्या गाड्यांना धरून आहेत. उदाहरणं बहुतेक एच४ बल्बची आहेत. लांबचा झोत तो अप्पर आणि खाली पडणारा तो डिपर, या अर्थानेच हे शब्द वापरले आहेत.

कपलर जळतो म्हणजे नेमकं काय होतं?

एच४ बल्ब डिपरवर ५५ वॅटचा आणि अप्परवर ६० वॅटचा असतो. म्हणजे एका बल्बला साधारण ५ अँपिअर करंट लागतो. बल्बची पाती (मागची चपटी धातूची टोकं) आणि त्यांना पकडणारं कपलरमधलं धातूचं टर्मिनल घट्ट, स्वच्छ असतील तर त्या जोडाचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ओहमच्या काही हजाराव्या भागाइतकाच असतो आणि तिथे होणारी उष्णता जाणवतही नाही. तोच रेझिस्टन्स ०.१ ओहम झाला की ५ अँपिअरला त्या जोडात अडीच वॅट उष्णता तयार होते. अडीच वॅट ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण ते नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकने चारही बाजूंनी बंद केलेल्या टर्मिनलमध्ये तासन् तास साठत राहतात. शेजारी पेटता बल्ब असतो, त्याची धग वेगळीच.

इथून पुढे ते चक्र स्वतःच फिरू लागतं. तापून पितळी टर्मिनलचा ताण जातो, म्हणून पकड सैल होते. सैल जागेत हवा शिरते, धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, रेझिस्टन्स वाढतो, आणि जोड आणखी तापतो. म्हणूनच वर्षानुवर्षं काहीच झालं नाही आणि मग दोन आठवड्यांत कपलर वितळला, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं.

एवढं तापतं, तरी फ्यूज का उडत नाही?

कारण करंट वाढलेलाच नसतो. फ्यूज ओळखतो तो फक्त जास्तीचा करंट. कुठला जोड तापला आहे हे त्याला कळत नाही. उलट सैल जोडामुळे सर्किटचा एकूण रेझिस्टन्स वाढतो आणि करंट किंचित कमीच होतो. १० किंवा १५ अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं. प्लास्टिक वितळून दोन टर्मिनलं एकमेकांना किंवा वायर बॉडीला टेकली, तरच तो उडतो. तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. तेव्हा ‘फ्यूज शाबूत आहे म्हणजे वायरिंग शाबूत आहे’ हा समज आधी सोडा. आणि उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज तर कधीच टाकू नका.

जाता जाता फ्यूजबॉक्सही बघून घ्या. फ्यूजचं प्लास्टिक एका पायाशी वितळलंय पण आतली तार अखंड आहे, असं दिसलं तर तिथेही हाच आजार आहे. अनेक जुन्या युरोपीय गाड्यांत उघड्या पत्तीचे लांबट फ्यूज असतात. त्यांच्या दोन्ही टोकांचे संपर्क काळे पडतात आणि तापतात.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवावी का?

दिवसा, हेडलाइट बंद ठेवून, गॅरेजपर्यंत नेता येईल. रात्री नको. त्या कपलरमधून करंट गेला की तो तापणारच, आणि भर अंधारात दिवा अचानक जाणं हाही तितकाच मोठा धोका आहे. चालवताना जळका वास आला किंवा धूर दिसला तर गाडी बाजूला घ्या, दिवे आणि इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा. धूर येत असताना बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. सगळं शांत झाल्यावर हेडलाइटचा फ्यूज काढून ठेवा.

नुसतं बघून काय कळतं?

बरंच काही. म्हणून जळका कपलर लगेच फेकू नका, उजेडात धरून नीट बघा.

एकाच टर्मिनलभोवती तपकिरी किंवा काळं वर्तुळ असेल आणि बाकीचं प्लास्टिक चांगलं असेल, तर तो एक जोड सैल होता. तीनही बाजूंनी प्लास्टिक सारखंच पिवळं आणि ठिसूळ झालं असेल, तर ते बहुधा बल्बच्या धगीने आणि वयाने झालंय. अशा वेळी बल्ब जास्त वॅटचा नाही ना, हे आधी तपासा. बल्बच्या पात्यावर बारीक खड्डे किंवा करपलेले डाग दिसले तर तिथे ठिणग्या पडत होत्या. हिरवट पूड दिसली तर ओल शिरली आहे, मागचं रबरी कव्हर फाटलंय का ते बघा.

मग वायरींकडे वळा. कपलरपासून पहिल्या चार-पाच सेंटिमीटरपर्यंतच इन्शुलेशन कडक झालंय आणि पुढे मऊ आहे, तर उष्णता जोडातून वायरीत गेली. जोड म्हणजे पात्यावरची पकडच असं नाही. वायर जिथे टर्मिनलमध्ये दाबून बसवलेली असते, ते क्रिम्पही सैल होतं आणि ते बाहेरून दिसत नाही. याउलट वायर दूरपर्यंत कोमट लागत असेल तर करंटच्या मानाने ती बारीक आहे. नंतर कोणीतरी घातलेल्या वायरींत हे हमखास सापडतं.

एच४ बल्बच्या तीन पात्यांपैकी एक सामाईक असतं. डिपर असो वा अप्पर, करंट त्यातून जातोच. त्यामुळे सामाईक आणि डिपरचं टर्मिनल आधी जळणं स्वाभाविक आहे, गाडी बहुतेक वेळ डिपरवरच चालते. फक्त सामाईकच जळलं असेल तर डिपरचं आणि अप्परचं अशी दोन्ही फिलामेंट (बल्बमधल्या पेटणाऱ्या तारा) एकदम पेटत नाहीत ना, हे बघा. जास्त उजेडासाठी कोणी तशी जोडणी केली असेल तर त्या एका पात्यातून जवळपास १० अँपिअर जातात.

कपलर किती तापला हे हाताने बघावं का?

नको. हॅलोजन बल्ब चालू असताना त्याची काच अडीचशे अंशांच्या वर असते, आणि मऊ झालेलं प्लास्टिक बोटाला चिकटलं तर वाईट भाजतं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दहा मिनिटं दिवे चालू ठेवून दोन्ही बाजूंचे कपलर तपासा. नेम प्लास्टिकवर धरा, कारण चकचकीत धातूवर हे मीटर खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवतं. आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक बघा. एक बाजू दुसरीपेक्षा लक्षणीय गरम असेल तर दोष त्या बाजूला आहे.

खरा दोष कुठे आहे हे ठरवायचं कसं?

व्होल्टेज ड्रॉप मोजून. घरच्या घरी जोडाची खरी अवस्था सांगणारी याच्याइतकी भरवशाची तपासणी मला माहीत नाही, आणि तीच सहसा कोणी करत नाही.

तत्त्व सोपं आहे. बॅटरीपासून बल्बपर्यंतच्या वाटेत जिथे जिथे रेझिस्टन्स आहे, तिथे तिथे थोडे व्होल्ट गळतात. दिवा पेटलेला असताना वाटेच्या दोन टोकांना मीटर लावला की तेवढ्या टप्प्यात किती गळती झाली हे थेट दिसतं.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. बल्ब जोडलेला आणि पेटलेलाच हवा. मोजण्याआधी दिवे दहा मिनिटं चालू राहू द्या, कारण गार जोड बऱ्याचदा शहाण्यासारखा वागतो आणि तापल्यावर बिघडतो. इंजिन चालू ठेवून मोजत असाल तर मीटरच्या वायरी पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवा.

पहिलं माप: लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर. क्लॅम्पवर नको, थेट खांबावर. काळं टोक कपलरच्या मागून, ज्या टर्मिनलला करंट येतो त्याच्या धातूला. टोक पोचत नसेल तर वायरीच्या कडेने बारीक टाचणी सरकवा, पण ती शेजारच्या टर्मिनलला लागू देऊ नका. इथे ०.५ व्होल्टपर्यंतचा आकडा चालेल. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर वाटेत नक्कीच काहीतरी आहे.

दुसरं माप अर्थिंगचं: लाल टोक कपलरच्या अर्थिंग टर्मिनलला, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. ०.२ व्होल्टच्या आत हवं. जुन्या गाडीत अर्थिंगचा स्क्रू गंजलेल्या पत्र्यावर बसलेला असतो आणि दोष पॉझिटिव्ह बाजूला शोधण्यात दिवस जातो.

तिसरं माप खुद्द जोडाचं: एक टोक टर्मिनलच्या मागच्या क्रिम्पवर, वायरीच्या तांब्याशी, आणि दुसरं बल्बच्या पात्याच्या उघड्या भागावर. चांगला जोड ०.०५ व्होल्टच्या आत राहतो. ०.१ च्या वर गेला की तो टर्मिनल बदलायचा, घासून-पुसून उपयोग नाही.

माझ्या गाडीत पॉझिटिव्ह बाजूला एकूण १.९ व्होल्ट गळत होते. टप्प्याटप्प्याने मोजलं तेव्हा त्यातले ०.५ कपलरमध्ये, ०.३ फ्यूजच्या पायांशी, ०.३ वायरीत आणि तब्बल ०.८ डॅशबोर्डवरच्या स्विचमध्ये निघाले. अर्थिंगमध्ये ०.१. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना बल्बला ११.८ मिळत होते. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साडेतीनच्या आसपासच्या घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज सुमारे १४ टक्के कमी झालं की उजेड जवळजवळ ४० टक्क्यांनी घटतो. इतकी वर्षं मी काच धुंद झाली म्हणून ती पॉलिश करत होतो.

ओहमवर मोजलं तर शून्याच्या जवळ आकडा आला. मग जोड ठीक आहे ना?

तसं म्हणता येत नाही. मीटर ओहमवर असताना अगदी नगण्य करंट सोडतो. वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी तेवढा करंट आरामात जातो. त्यातून साध्या मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.३ ओहम असतो, आणि आपण शोधतोय ०.१. टेस्ट लॅम्पचंही तेच. छोट्या बल्बला लागणारा करंट इतका कमी की आजारी जोडातूनही तो पेटतो. जोडाची परीक्षा पूर्ण भार असतानाच होते.

जास्त वॅटचा बल्ब लावला आहे. त्याने होतं का?

होय, आणि फार लवकर होतं. ५५ ऐवजी ९० वॅट म्हणजे करंट १.६ पट, पण जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. मूळ कपलर, वायर आणि स्विच एवढ्यासाठी बनवलेले नसतात. बल्बची स्वतःची धग वाढते, रिफ्लेक्टरची चकाकी करपते. शिवाय करंट वाढला की वाटेतली गळतीही वाढते, म्हणजे मिळणाऱ्या उजेडाचा काही भाग वायरीतच तापून जातो. मूळ वॅटचा बल्ब लावून त्याला पूर्ण व्होल्टेज पोचवलं की आधीपेक्षा छान उजेड पडतो, हे मी माझ्या गाडीत बघितलं आहे. आधी ९०-१०० वॅटचा बल्ब काढा, मग पुढचं.

अल्टरनेटरचा दोष असू शकतो का?

क्वचित. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट असतील तर तिकडे बघू नका. आकडा १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर तपासून घ्या. मात्र तेव्हा बल्बही वरचेवर उडत असतील.

एकाच बाजूचा कपलर जळतो. दोन्ही बाजूंचे जळले तर निदान बदलतं का?

बदलतं. एकच बाजू असेल तर दोष त्या बाजूच्या जोडात, अर्थिंगमध्ये किंवा ओल शिरण्यात शोधा. दोन्ही बाजू साधारण सारख्याच काळात जळल्या तर सामाईक कारण शोधा: जास्त वॅटचे बल्ब, दोन्ही फिलामेंट एकत्र पेटणं, किंवा एकाच दिवशी बसवलेले हलके कपलर. दोन्ही दिवे एकदम मंद होतात किंवा जातात-येतात, तर स्विचकडे वळा. काही जुन्या गाड्यांच्या हेडलाइट स्विचमध्ये तापल्यावर आपोआप तुटणारा आणि गार झाल्यावर जुळणारा सर्किट ब्रेकर असतो. दिवे जाऊन थोड्या वेळाने परत येत असतील तर तोच काम करत असतो.

सिरॅमिक होल्डर लावला की प्रश्न मिटतो का?

अर्धाच. सिरॅमिक वितळत नाही, एवढाच त्याचा गुण. आतला जोड सैल असेल तर तो तितकाच तापेल, फक्त ते दिसणार नाही. उष्णता मागे वायरीत जाईल आणि इन्शुलेशन जळेल. सिरॅमिकच्या होल्डरमध्येही टर्मिनल जाड पत्र्याचे, घट्ट पकडीचे आणि नीट क्रिम्प केलेले आहेत का, हेच बघायचं. एक अडचण आहे: बऱ्याच सिरॅमिक होल्डरना पाण्यापासून बचाव करणारी सील नसते आणि आपटलं की तडा जातो.

नवा कपलर बसवताना काय सांभाळावं?

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कुठली वायर कुठल्या टर्मिनलला आहे याचा फोटो घ्या, कारण बाजारात मिळणाऱ्या कपलरच्या वायरींचे रंग तुमच्या गाडीशी जुळतीलच असं नाही.

जुनी वायर आतलं तांबं लखलखीत दिसेपर्यंत मागे कापा. काळं पडलेलं तांबं घासून वापरायचा मोह होतो. तो आवरा, काळ्या तांब्यावर चांगलं क्रिम्प होत नाही. त्यात चार-पाच सेंटिमीटर कमी पडले तर तेवढ्याच किंवा जास्त जाडीच्या वायरीचा तुकडा जोडा. एका बल्बसाठी १.५ चौरस मिलिमीटर तांबं योग्य. तीनही वायरींचे जोड एकाच जागी घेऊ नका, पुढे-मागे घ्या, म्हणजे ते एकमेकांना टेकणार नाहीत आणि गाठही जाड होणार नाही.

एच४ ची पाती सुमारे ८ मिलिमीटर रुंद असतात. सर्रास मिळणारे ६.३ मिलिमीटरचे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची टर्मिनलं) त्यांवर बसत नाहीत. ते फाकवून ठोकून बसवलेले मी पाहिले आहेत, आणि ते सगळे करपलेलेच होते. लग क्रिम्पिंग टूलनेच दाबा, पक्कड चालत नाही. दाबून झाल्यावर वायर हाताने जोरात ओढा. निसटली तर ती जळणारच होती. तापणाऱ्या जागी नुसत्या सोल्डरवर भरवसा ठेवू नये. टिन-शिशाचं साधं सोल्डर १८३ अंशांपासून मऊ होऊ लागतं, आणि ते तारांत जिथवर चढतं तिथे वायर कडक होऊन हादऱ्यांनी तुटते. जोडावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

आणि एक गोष्ट हमखास राहते: बल्ब. जुन्या बल्बची पाती करपलेली, खड्डे पडलेली असतात. त्यांवर नवा कपलर चढवला की पहिल्या दिवसापासून त्याचा जोड खराब. जळक्या कपलरबरोबर तो बल्बही जायला हवा. नव्या बल्बच्या काचेला उघडं बोट लावू नका. कपलर बसवताना तो सहज सरकला तर काळजी करा, चांगला कपलर जोर लावल्याशिवाय बसत नाही. ओल येणाऱ्या जागी सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी पातळ लावलं तरी पुरे. ते वीज वाहून नेत नाही, फक्त पाणी आणि हवा लांब ठेवतं. पेट्रोलियम जेली इथे कामाची नाही, ती उष्णतेने वितळून निघून जाते.

रिले लावावेत का?

रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच. स्विचमध्ये किंवा लांबच्या वायरीत गळती निघाली असेल तर नक्की लावा. अनेक जुन्या गाड्यांत दोन्ही बल्बचा सगळा करंट, म्हणजे जवळपास १० अँपिअर, डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि स्टिअरिंगजवळच्या दांडीतून जाऊन परत पुढे येतो. इतक्या वर्षांनी त्या संपर्कांनी ते झेपवावं अशी अपेक्षा करणंच चूक.

डिपरला एक आणि अप्परला एक असे दोन रिले. ३० नंबरच्या पिनवर बॅटरीकडून फ्यूजमार्गे थेट पॉझिटिव्ह, ८७ वरून बल्बकडे, ८६ ला जुन्या हेडलाइट वायरीचा इशारा, ८५ ला अर्थिंग. बॅटरीकडची वायर २.५ चौरस मिलिमीटरची, आणि प्रत्येक रिलेचा १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ. तो लांब असला तर मधल्या तुकड्याला संरक्षणच नाही. आता जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, तो असतो ०.२ अँपिअरच्या आसपास. स्विचचं आयुष्यही वाढतं.

जोडणीआधी एक खात्री करा. अनेक जुन्या जपानी गाड्यांत स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो, म्हणजे बल्बच्या सामाईक पात्यावर कायम पॉझिटिव्ह असतो आणि दांडी अर्थिंग जोडते-तोडते. तिथे वरची जोडणी जशीच्या तशी केली तर चालणार नाही. तयार हार्नेस (रिले आणि वायरींचा जोडलेला संच) घेतानाही हे विचारून घ्या.

रिले लावले तरी जळका कपलर बदलावाच लागतो. उलट आता बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळणार, करंट थोडा वाढणार, आणि सैल जोड आधीपेक्षा लवकर जळणार.

एलईडी बल्ब लावला तर करंट कमी होईल आणि कपलर वाचेल?

करंट कमी होतो हे खरं. पण हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा झोत बऱ्याचदा विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. बऱ्याच ठिकाणी असा बदल नियमात बसतही नाही. सैल जोड सैलच राहतो. वायरिंगच्या दोषावर हा उपाय मी सुचवणार नाही.

काम झालं. आता बरं झालंय हे कसं ओळखायचं?

अर्धा तास डिपर चालू ठेवा, मग तीनही मापं पुन्हा घ्या. दोन्ही बाजूंचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. दिवा चालू असतानाच कपलरच्या मागच्या वायरी हलक्या हाताने हलवा. आकडा नाचला किंवा दिवा लुकलुकला तर क्रिम्प पुन्हा करावं लागेल. महिन्याभराने कपलर एकदा काढून टर्मिनलचा रंग बघा, पितळ पिवळंच असायला हवं. मी माझे आकडे तारखेसकट चिकटपट्टीवर लिहून फ्यूजबॉक्सच्या झाकणात आतून लावले आहेत. डावा ०.२१, उजवा ०.१९. दरवर्षी पावसाळ्यानंतर मोजतो आणि त्याखाली नवी ओळ लिहितो.